लॅपटॉप घ्यायचाय : भरवशाची कंपनी कुठली? (मुक्काम कोल्हापूर)

कळंबा रोड · मंगळवार, रात्री ९:२०

मंडळी, नमस्कार. थोरलीला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. गावातच मिळाला, त्यामुळं हॉस्टेल-मेसचा खर्च वाचला आणि त्यातलेच पासष्ट हजार लॅपटॉपला घालायचे असं घरात ठरलं. इथपर्यंत एकमत होतं. कंपनी कुठली, यावर मात्र आठ दिवस पारायण चालू आहे.

मेहुणा म्हणतो डेलशिवाय बघू नका. शेजारचे सर एचपीवाले. पोरीच्या दोन मैत्रिणींनी आसुस घेतलाय म्हणून तिला आसुस. शाहूपुरीतल्या दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, सगळ्याच चांगल्या," आणि ज्याच्यावर बॅग न् माऊस फुकट होता त्याच्याकडं हात केला.

माझी भीती कशातून आलीय ते सांगतो. २०१७ साली मी एक लॅपटॉप घेतला होता. वॉरंटी संपून चार महिने झाले असतील, एकदा झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यात कट्‌ असा आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून झाकण उघडलं की खालची बॉडीपण शिंपल्यासारखी उकलायला लागली. फटीतून बॅटरी मारून बघितलं तर बारके पितळी नट प्लास्टिकच्या खांबातून मुळासकट उपटून बिजागरीला लटकत होते. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, अख्खी बॉडी बदलायची, साडेनऊ हजार, पार्ट यायला पंधरा दिवस. तसाच घरी आणला. तेव्हापासून तो टेबलावर भिंतीला टेकून उघडा बसलाय. मिटतच नाही. पतसंस्थेचं सगळं काम त्याच्यावरच करतो आणि रात्री त्याच्यावर टॉवेल टाकतो.

तर असली पाळी पोरीवर येऊ नये. चार-पाच वर्षं बिनबोभाट चालेल अशी कंपनी सांगा.

एक विनंती. मिक्सरच्या धाग्यावर मागं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. कंपनीचं नाव घेऊन शिव्या नकोत, संपादक टाळं लावतील. वाईट अनुभव बिननावाचा सांगा, चांगलं सांगताना खुशाल नाव घ्या.

पुणेकर झालोय · मंगळवार, रात्री ९:५२

काका, डोळे झाकून थिंकपॅड. ऑफिसात सहा वर्षं एकच वापरतोय. दोनदा चहा सांडला, एकदा स्कूटरवरनं बॅग पडली, अजून ढिम्म. मूळ आयबीएमचं बाळ, १९९२ सालचं. २००५ मध्ये लेनोवोनं आयबीएमचा पीसीचा धंदाच विकत घेतला, पण त्या काळ्या डब्याची जात बदलली नाही. म्हणजे लेनोवो घ्या, विषय संपला.

स्क्रूड्रायव्हर · मंगळवार, रात्री ११:०५

विषय संपला न्हाई भावा, आत्ता सुरू झाला.

राजारामपुरीत माझं रिपेरिंगचं बारकं दुकान हाय, चौदा वर्षं झाली. 'लेनोवो घ्या' हे वाक्य ऐकून लोक दुकानात जातात आणि त्याच नावाचा सगळ्यात स्वस्त डबा घेऊन येतात. थिंकपॅड आणि तो डबा, दोघांचं आडनाव एक, घर वेगळं. प्रत्येक कंपनीची अशी दोन घरं असतात. डेलची २०२५ च्या आधी इन्स्पिरॉन घरगुती, लॅटिट्यूड ऑफिसवाल्यांची असायची, आता नावं बदललीत. एचपीत साधा पंधरा इंची एकीकडं, प्रोबुक-एलिटबुक दुसरीकडं. लेनोवोत आयडियापॅड आणि थिंकपॅड. आसुसची व्हिवोबुक आणि एक्स्पर्टबुक. एसरची अस्पायर आणि ट्रॅव्हलमेट. घरगुती मालिकेत पैसा स्क्रीनला, रंगाला, पातळपणाला जातो, कारण गिऱ्हाईक शोरूममध्ये तेच बघतं. ऑफिसच्या मालिकेत तो बिजागरी, कीबोर्ड न् बॉडीला जातो, कारण तिथं एक कंपनी पाचशे नग घेती आणि बिजागरी तुटली की पाचशेच्या पाचशे परत पाठवती.

दुसरं म्हणजे, कारखाना कुणाचा हे तरी कुठं माहीत असतंय आपल्याला? क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक ह्या तैवानच्या कंपन्या. एकच कारखाना तीन-तीन ब्रँडचे लॅपटॉप बनवतो. २००६ ला डेलनं एकेचाळीस लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, पेट घेत होत्या म्हणून. आतले सेल होते सोनीचे. मागोमाग ॲपलनं अठरा लाख मागवल्या, त्यापण सोनीच्याच. डब्यावरचा बिल्ला वेगळा, आत पोटात तेच.

काकांचा रोग मी आठवड्याला दोनदा बघतो. कुठल्या एका कंपनीचा न्हाई त्यो. बिजागरी असती लोखंडाची, घट्ट. ती धरून ठेवणारे नट असतात पितळेचे, गरम करून प्लास्टिकमधी बसवलेले. बिजागरीतलं ग्रीस वाळलं की ती आणखी घट्ट होती, आपण एका कोपऱ्याला धरून झाकण वर ओढतो, सगळा पीळ एका बाजूच्या खांबावर येतो आणि त्यो फुटतो. लोखंड जिंकतंय, प्लास्टिक हरतंय.

दुकानात गेल्यावर एवढंच करा. झाकण एका बोटानं, मधोमध धरून उघडा. खालचा भाग टेबलावर बसून राहिला तर बरं. मग झाकण निम्मं उघडं ठेवून मागं कान लावा न् हळू हलवा. करकर आली की दुसरा दाखवा म्हणायचं. सेल्समन हसंल, हसू दे.

आलो बघ · बुधवार, सकाळी ७:४०

स्क्रूड्रायव्हर यांना +१. मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. तीन वर्षं लॅपटॉप पाठीवर घेऊन फिरतो, त्यामुळं जे कुणीच बोलत नाही ते सांगतो : वजन. पहिल्या वर्षी मी ग्राफिक्स कार्डवाला दणकट गेमिंग लॅपटॉप घेतला. लॅपटॉप अडीच किलो आणि चार्जर विटेएवढा. वर शीट्सची नळी, टी-स्क्वेअर. केएमटीच्या बसमध्ये उभं राहून एक महिना केला, मग तो घरी टेबलावर ठेवला आणि कॉलेजला नेणंच बंद केलं. बॅटरी दोन तासांत संपायची, वर्गात प्लगसाठी भांडणं.

काका, मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षात सी लँग्वेज आणि ड्रॉइंग. भारी कार्डाची गरज पडलीच तर तिसऱ्या वर्षात, तेव्हा कॉलेजची लॅब आहे.

सफरचंद · बुधवार, सकाळी ९:१५

एवढा काथ्याकूट कशाला? मॅकबुक एअर घ्या, थोडे पैसे वर टाका. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलचा स्वतःचा एम१ प्रोसेसर आल्यापासून बॅटरीचा प्रश्नच मिटला. पंखा नाही, आवाज नाही, बिजागरी तर लोण्यासारखी. 'आलो बघ' दादा, तुम्हालाही पुढच्या वेळी हेच सुचवेन.

आलो बघ · बुधवार, सकाळी ९:३१

दादा नाही, ताई. आमच्या कोल्हापुरात पोरी 'मी जातो, मी येतो'च म्हणतात. मुंबईहून दिसताय.

आणि मेकॅनिकलला मॅक देऊ नका काका. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतंय. ऑटोकॅड मॅकला आहे, पण कॉलेजात सर जी बटणं दाखवतात ती तिथं त्या जागेवर नसतात.

सफरचंद · बुधवार, सकाळी ९:४४

क्षमस्व ताई. होय, डोंबिवली. सॉलिडवर्क्सचं खरं आहे, शब्द मागे. पण टिकाऊपणात ॲपलला तोड नाही यावर ठाम आहे.

पुणेकर झालोय · बुधवार, सकाळी १०:२०

ठाम राहा, पण २०१५ ते २०१९ चे ते 'बटरफ्लाय' कीबोर्ड विसरू नका. धुळीचा एक कण आत गेला की की अडकायची. २०१८ ला ॲपललाच फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत पाच कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. सगळ्यात महागड्या कंपनीचीही काही वर्षांची पैदास फसू शकते.

स्क्रूड्रायव्हर, तुमचं मालिकेचं म्हणणं मान्य. पण काही आकडेवारी असेल की नाही? कुठली कंपनी किती टक्के बिघडते वगैरे?

स्क्रूड्रायव्हर · बुधवार, दुपारी १:१०

माझ्या दुकानातले आकडे काढले तर जी कंपनी सगळ्यात जास्त खपती तीच सगळ्यात जास्त बिघडलेली दिसंल. त्याला काय अर्थ?

बाहेरची एक जुनी हाय. २००९ ला अमेरिकेतल्या स्क्वेअरट्रेड नावाच्या वॉरंटी विकणाऱ्या कंपनीनं तीस हजार लॅपटॉपचा हिशोब मांडला होता. तीन वर्षांत साधारण तीनातला एक बिघडतो किंवा पडून फुटतो असं निघालं. कमी बिघडणाऱ्यांत पहिले दोन, आसुस आणि तोशिबा. ते वाचून माझ्या एका गिऱ्हाइकानं हट्टानं तोशिबा घेतला. आज तोशिबा कुठाय? २०१८ ला त्यांनी लॅपटॉपच्या धंद्याचा मोठा हिस्सा शार्पला विकला, नाव झालं डायनाबुक, २०२० ला उरलासुरला पण देऊन टाकला. सोनीनं वायो तर २०१४ लाच विकून हात धुतले. यादीत वर असलेली कंपनीच गेली, आता त्या गिऱ्हाइकाला कीबोर्ड कुठनं आणून देऊ?

हौशी गेमर · बुधवार, दुपारी ४:००

काका पासष्ट हजारात ग्राफिक्स कार्डवाला येतो की! दिवे लागणारा कीबोर्ड, १४४ हर्ट्झ. दीदी खुश होईल. शिवाय 'मिल-एसटीडी-८१०एच', म्हणजे लष्करी मजबुती.

स्क्रूड्रायव्हर · बुधवार, दुपारी ४:२६

बाळा, ८१०एच हे अमेरिकन लष्कराच्या चाचण्यांचं पुस्तक हाय. लष्कर कुणाला सर्टिफिकेट देत न्हाई. कंपनी स्वतःच त्यातल्या वाटतील त्या चाचण्या करती न् बिल्ला लावती. काही खरंच कसून करतात, पण बिल्ला सगळ्यांचा सारखाच दिसतो.

कळंबा रोड · बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. पोरीला धागा वाचायला दिला. ती म्हणाली, "बाबा, लोक तुमच्या तुटक्या लॅपटॉपवर जास्त बोलायलेत." असो.

मालिकेचं डोक्यात शिरलं. आता आत काय बघायचं? दुकानदार 'आय फाय, सोळा जीबी' म्हणतो आणि पुढचं पान उलटतो.

पुणेकर झालोय · बुधवार, रात्री ११:३०

आकडे हा माझा प्रांत, थोडं लांबण लागेल.

'आय फाय' हा इंटेलचा प्रोसेसर, 'रायझेन फाईव्ह' एएमडीचा. नुसतं तेवढं ऐकून पैसे देऊ नका, पूर्ण नंबर मागा. एक नमुना बघा : रायझेन ५ ७५२०यू. सात हजारच्या घरातला, म्हणजे नवाकोरा वाटतो, २०२३ च्या मॉडेलांत आला. पण त्या मालिकेत आतली पिढी तिसऱ्या आकड्यात लपवली होती. इथं तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, म्हणजे २०१९ सालची रचना नवीन पाकिटात. शेजारीच ७५३०यू दिसेल, तो झेन ३. एका आकड्याचा फरक, पण पिढी बदलली. शिवाय ७५२०यू बरोबरची रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेलीच असते, आठ जीबी घेतली की जन्मभर आठ.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे ताकदीचा पण तापणारा. पोरीला चांगला यू पुरेल, एच मिळाला तर पंखा कसा बोलतो ते आधी ऐका.

रॅम सोळा आत्ताच घ्या. 'आठ घे, पुढं वाढवू' हे मीच लोकांना सांगायचो, आता सांगत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यापासून रॅमचे भाव चढलेत. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. नंतर वाढवायची म्हटलं तर मोकळा खाचा हवा, आणि तेव्हाचा भाव कुणाच्या हातात?

स्क्रीनबद्दल दुकानदार कधीच बोलत नाही. पत्रकावर '४५ टक्के एनटीएससी (रंगांची व्याप्ती), २५० निट्स (उजेड)' असं बारीक छापलं असेल तर रंग फिके आणि खिडकीजवळ बसलं की स्वतःचा चेहरा दिसणार. तीनशे निट्सच्या वरचा बघा.

स्क्रूड्रायव्हर · बुधवार, रात्री ११:५५

दादानं आकडे सांगितले, मी आतली घाण सांगतो.

गेल्या महिन्यात गुळाच्या अडत दुकानातला एक आला. तक्रार काय, तर गरम होतंय न् की चिकटतात. खालचं झाकण काढलं. पंख्याच्या तोंडाशी धुळीची गादी, चिमटीत धरून उचलली तर गोधडीचा तुकडा उचलल्यासारखी अख्खी निघाली. आणि कीबोर्डाखालनं लाल मुंग्यांची रांग. टेबलावर गुळाचा खडा फोडून चहा पिणारे मालक, त्याचा चुरा गेला आत. ब्रश मारला, मुंग्या घालवल्या, प्रोसेसरला नवीन पेस्ट लावली, साडेसहाशे रुपये झाले. लॅपटॉप सहा वर्षांचा, घरगुती मालिकेतला, अजून पळतोय. आणि नव्वद हजारांचा एक दोन वर्षांत बोर्ड जळून आला, कारण मालकानं त्यो रोज गादीवर ठेवून वापरला. खालची वाऱ्याची भोकं बंद.

कंपनीच्या नावाचा टिकाऊपणाशी संबंध हाय, पण चार आणे. आठ आणे मालिका. उरलेले वापरणाऱ्याचे.

बॅटरी कायम चार्जिंगला असली की फुगती. आसुस, लेनोवो, एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असती, पहिल्या दिवशी चालू करून टाका. टचपॅड वर उचलल्यागत वाटायला लागलं की समजायचं खाली पापड फुगलाय. त्या दिवशी बंद करून घेऊन यायचा. टाचणी मारून बघू नका. एकानं बघितलं होतं.

उद्यमनगरी · गुरुवार, सकाळी ८:०५

आजवर नुसता वाचत होतो. एक राहिलं. पत्र्याच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावून हात ठेवला की बारीक झिणझिण्या येतात का बघा. लोक म्हणतात माल खराब. माल खराब नसतोय, घरचं अर्थिंग नसतंय, न्हाईतर दोन पिनी चार्जर असतोय. जुन्या वाड्यात भाड्यानं राहणाऱ्या पोरांच्यात हे हमखास. तीन पिनी चार्जर घ्यावा न् वायरमनकडनं अर्थिंग तपासून घ्यावं.

आणि कळंबा रोड, ते तुमचं शिंपलं एकदा मला बघायचंय. लेथ हाय माझ्याकडं.

बार रूम · गुरुवार, सकाळी १०:४०

कोर्टातून मधल्या सुट्टीत लिहितोय.

बिल जीएसटीचं घ्या, त्यावर सीरियल नंबर असलाच पाहिजे. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे, म्हणून "बिल नको असलं तर कमी करतो" असं कुणीतरी म्हणणारच. ते कमी झालेले पैसे पुढं वॉरंटीच्या दारात उभं राहून मोजावे लागतात. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दाखवतात ते बघा. दुकानात माल पडून राहिलेला असला तर तारीख आधीची दिसते. बिल पाठवून लगेच दुरुस्त करून घ्या, अकराव्या महिन्यात नाही.

आणि भांडायची वेळ आलीच, तर आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. नंतर जिल्हा आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते. विकणारा बेंगळुरूत बसलेला असो, तारीख कोल्हापुरात. वस्तू पाच लाखांपर्यंतची असली तर फी शून्य. आता एवढं सांगून माझा धंदा मीच बुडवला.

पुणेकर झालोय · गुरुवार, सकाळी ११:१२

अवांतर : पंचगंगा किती फुटांवर आहे? आई फोनवर "काय नाही, येतोय बारका पाऊस" म्हणते.

उद्यमनगरी · गुरुवार, सकाळी ११:२०

राजाराम बंधाऱ्यावर ३९ ला इशारा, ४३ ला धोका. अजून खाली हाय. तुमची आई बरोबर सांगतीय.

आलो बघ · गुरुवार, दुपारी १२:००

पावसावरनं आठवलं. २०२१ च्या जुलैत माझ्या भावाचा लॅपटॉप दुरुस्तीला होता. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुण्याहून येणारा पार्ट तिकडंच अडकला, त्याची ऑनलाइन परीक्षा मामाच्या मोबाईलवर झाली. म्हणून काका, पहिला प्रश्न 'कंपनी कुठली' नाही. कोल्हापुरात तिचं सर्व्हिस सेंटर आहे का, आणि इंजिनिअर घरी येणार की आपण घेऊन जायचं, हा. ४१६ नं सुरू होणारा तुमचा पिनकोड टाकून विचारा. एका कंपनीच्या हेल्पलाइनवाल्यानं मला 'जवळचं केंद्र' म्हणून बेळगाव सांगितलं होतं. नाव घेत नाही.

संपादक · गुरुवार, दुपारी १२:१५

नाव न घेतल्याबद्दल आभार. पुराची चर्चा पावसाच्या धाग्यावर न्यावी.

हौशी गेमर · गुरुवार, संध्याकाळी ६:३०

सेकंड हँड थिंकपॅड घेतला तर? निम्म्या किमतीत मिळतात म्हणे.

स्क्रूड्रायव्हर · गुरुवार, रात्री ९:४०

चांगला प्रश्न. ऑफिसांतनं निघालेले लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड मी स्वतः विकतो, म्हणून माझ्या बोलण्यातनं थोडं मीठ काढून घ्या. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्यायची. त्याच्या मागच्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत न्हाई, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरीचं खरं वय बघायला ती काळी कमांडची खिडकी उघडायची, पॉवरसीएफजी लिहायचं, जागा सोडायची, तिरकी रेघ, मग बॅटरीरिपोर्ट सलग. अर्थात इंग्रजीत. एक पान तयार होतं, त्यात मूळ क्षमता किती न् आता किती भरती ते दोन आकडे शेजारी येतात. निम्म्यावर असली तर नव्या बॅटरीचे पैसे कापून घ्या.

पण काका, पोरगी पहिल्या वर्षाला हाय, चार वर्षं काढायचीत. जमत असलं तर नवा घ्या, न् तीन वर्षांची वॉरंटी पहिल्याच वर्षात वाढवून घ्या. पडझडीचं संरक्षण वेगळं असतंय, ते पण विचारा. कॉलेजच्या बॅगेत डबा न् पाण्याची बाटली असतीच.

कळंबा रोड · रविवार, रात्री ८:५०

घेतला. सांगतो.

काल तिघं गेलो. मी एका बोटानं झाकणं उघडत होतो, पोरगी प्रोसेसरचे पूर्ण नंबर वहीत लिहीत होती, आणि बायको सेल्समनला "कोल्हापुरात घरी कोण येणार दुरुस्तीला, त्याचं नाव सांगा" म्हणत होती. तिसऱ्या दुकानात तो पोरगा हसला नाही, उलट म्हणाला, "काका, हा उघडू नका, ह्याची खालची बाजू उचलतीय." त्याच्याकडंच घेतला.

लेनोवोचाच, पण थिंकबुक, म्हणजे त्यांची छोट्या ऑफिसांसाठीची मालिका. सोळा जीबी. एक खाचा मोकळा आहे. वजन पोरीनं बॅगेत घालून, दुकानात चार चकरा मारून बघितलं. वाढीव वॉरंटी धरून पासष्टच्या वर साडेतीन हजार गेले. मेहुण्यानं अजून फोन केलेला नाही. रंग राखाडी. पोरीला तो आवडलेला नाही, पण तिनं झाकणावर आत्ताच दोन स्टिकर लावलेत, त्यामुळं ती चर्चा संपली. वॉरंटीची तारीख खरंच एकवीस दिवस आधीची दिसत होती. बिल पाठवलंय. बार रूम, तुमची फी मिसळ.

बार रूम · रविवार, रात्री ९:०२

कट जास्त, फरसाण कमी.

उद्यमनगरी · रविवार, रात्री ९:३०

अभिनंदन. जुनं शिंपलं मात्र अजून आलं न्हाई.

कळंबा रोड · पुढचा शुक्रवार, रात्री १०:०५

बुधवारी नेलं होतं. एक तास तिथंच स्टुलावर बसलो. उद्यमनगरींनी लेथवर टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडे मोठे पितळी बुश, म्हणजे बारक्या नळ्या, काढले, कॉलरवाले. फुटलेले खांब घासून साफ केले, खालच्या बॉडीला आरपार भोकं पाडली आणि बिजागरी बुशातून सरळ बोल्टनं आवळली. बिजागरीला थेंबभर ग्रीस. पैसे घेतले नाहीत, चहाचे पण त्यांनीच दिले. सातव्या पिढीचा आहे तो, म्हणजे स्क्रूड्रायव्हर साहेबांनी सांगितल्याप्रमाणं विंडोज ११ चालणार नाही, म्हणून त्यावर आता विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटातली प्रणाली घालायचा विचार आहे.

घरी येऊन मिटला. आता इतका घट्ट बसतोय की उघडायला दोन हात लागतात. आज सकाळी सवयीनं परत भिंतीला टेकवला.

स्क्रूड्रायव्हर · शुक्रवार, रात्री १०:४०

फोटो टाका काका. बुशाचं माप पण विचारा, मला वीस-पंचवीस लागतील.

उद्यमनगरी · शुक्रवार, रात्री ११:१०

माप कशाला, दुकानात ये. आणि कळंबा रोड, खालनं बोल्टाची डोकी दिसतात, ती पावसात हिरवट पडतील. पडू देत.